नासलेले अन्न आणि बाधणारे अन्न

२० फेब्रुवारी २०२४ हा एकादशीचा दिवस होता. वाशीम जिल्ह्याला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यातील सोमठाणा या गावी हरिनाम सप्ताह चालू होता. उपवास असल्याने रात्री प्रसादाला भगर आणि आमटी होती. प्रसाद घेतल्यानंतर लोकांना मळमळ आणि उलट्या सुरू झाल्या. पाहता पाहता शेकडो माणसे आजारी पडली. बिबी येथील ग्रामीण रुग्णालयात खाटा पुरेनात, तेव्हा बाहेर मोकळ्यावर दोर बांधून त्यांना सलाइनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या.

कोणाचे काय चुकले हे ठरवणे या लेखाचा विषय नाही. परंतु एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. त्या अन्नाला घाण वास येत असता किंवा त्याची चव बिघडलेली असती, तर पहिल्या चार पानांवरच कोणीतरी तसे बोलले असते आणि पंगत थांबली असती. शेकडो माणसांच्या नाकांनी आणि जिभांनी जे अन्न पसंत केले, तेच अन्न बाधले. मग घरातले अन्न चांगले आहे की टाकून द्यावे, हे ठरवताना वास आणि चव यांच्यावर किती भरवसा ठेवायचा?

नाकाला काय कळते?

बिघडलेल्या अन्नासाठी आपल्या भाषेत शब्दांची वाण नाही. दूध नासते. वरण आंबते. भाजी विटते. शेंगदाणे खवट होतात. भाकरीला बुरशी येते. फळ सडते. डाळीला भुंगा लागतो आणि पिठात जाळी धरते. हे शब्द एकाच्या जागी दुसरा असे वापरता येत नाहीत. ‘शेंगदाणे आंबले’ किंवा ‘वरण खवट झाले’ असे कोणी म्हणत नाही. पिढ्यान्‌पिढ्या स्वयंपाकघरात केलेल्या निरीक्षणातून हे शब्द घडले आहेत, आणि प्रत्येक शब्दामागे एक वेगळी क्रिया आहे.

अन्नातील साखर जिवाणूंनी खाल्ली आणि तिचे आम्ल झाले, की आपण अन्न आंबले असे म्हणतो. त्याच आम्लाने दुधातील प्रथिनांच्या गुठळ्या होतात, तेव्हा दूध नासले म्हणतो. काही जिवाणू आपल्याभोवती चिकट पदार्थाचे आवरण तयार करतात. डाव उचलला की वरणाला तार सुटते ती त्यामुळे. खवटपणाची गोष्ट निराळी आहे. तेथे बहुधा जिवाणूंचा संबंधच नसतो. शेंगदाणे, जवस, तीळ यांतील तेलाचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होतो आणि उग्र वासाची नवी संयुगे तयार होतात. उजेड आणि उष्णता यांमुळे ही क्रिया वेगाने होते. म्हणूनच तेलाचा डबा चुलीजवळ किंवा खिडकीत ठेवू नये.

या सर्व शब्दांत एक समान धागा आहे. ज्या बदलाला वास, चव, रंग किंवा स्पर्श आहे, त्यालाच हे शब्द मिळालेले आहेत. पण मराठीत आणखी एक शब्द आहे, तो म्हणजे ‘बाधणे’. हा शब्द आपण अन्न पाहून किंवा हुंगून वापरत नाही. जेवण झाल्यावर, पोटात कळ उठल्यावर वापरतो. नासणे आणि बाधणे या दोन वेगवेगळ्या घटना आहेत. नासलेले अन्न दर वेळी बाधतेच असे नाही. आंबलेल्या ताकातली ज्वारीची आंबील तर आपण आवडीने पितो. आणि बाधणारे अन्न नासलेले असतेच असेही नाही. अन्न नासवणारे सूक्ष्मजीव आणि माणसाला आजारी पाडणारे सूक्ष्मजीव बहुतांशी वेगवेगळे आहेत, हे याचे कारण.

फोडणीचा भात

रात्रीचा उरलेला भात सकाळी फोडणी देऊन खाणे ही आपल्या घरोघरची रीत आहे. भातात काय घडू शकते ते पाहू.

‘बॅसिलस सेरियस’ नावाचा एक जिवाणू मातीत सर्वत्र असतो. धान्याबरोबर तो घरात येतो. परिस्थिती प्रतिकूल झाली की तो टणक कवचाचे बीजाणू तयार करतो. उकळत्या पाण्यात जिवाणू मरतात, पण यांतले बरेच बीजाणू टिकून राहतात. भात शिजून कोमट झाला की हे बीजाणू रुजतात. ओलसर, पिष्टमय आणि ऊबदार भात म्हणजे त्यांच्यासाठी तयार शेतच. त्यांतील काही वाण वाढता वाढता उलटी घडवून आणणारे विषद्रव्य भातात सोडतात. हे विषद्रव्य १२१ अंश सेल्सिअसला दीड तास ठेवले तरी नष्ट होत नाही. प्रेशर कुकरमध्ये तापमान साधारण १२० अंशांपर्यंतच जाते. कढईतल्या फोडणीने भात गरम होईल, जिवाणूही मरतील, पण विषद्रव्य जसेच्या तसे राहील. इंग्लंडमध्ये १९७१ च्या सुमारास चिनी उपाहारगृहांतील परतलेला भात खाऊन अनेकांना उलट्या झाल्या, तेव्हा या प्रकाराकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले गेले. तेथेही भात आदल्या दिवशी शिजवून बाहेरच ठेवलेला असे.

फोडणीचा भात खाऊच नये, असा याचा अर्थ नाही. रात्रभर तो भात कोठे आणि कोणत्या तापमानाला होता, यावर सारे अवलंबून आहे. ‘चांगला उकळून घेतला की झाले’ हा आपला समज मात्र सोडून द्यायला हवा. उकळण्याने जिवाणू मरतात. त्यांनी आधीच तयार करून ठेवलेली सर्व विषद्रव्ये नष्ट होत नाहीत.

हाताच्या स्पर्शाने येणारे एक विषद्रव्यही याच जातीचे आहे. सुमारे ३० टक्के निरोगी माणसांच्या नाकात ‘स्टॅफिलोकॉकस ऑरियस’ हा जिवाणू असतो. नाकाचा हात किंवा बोटावरची पिकलेली जखम यांवाटे तो खव्यात, पेढ्यात, मळलेल्या सारणात उतरतो. ऊब मिळाली की वाढतो. त्याच्या विषद्रव्यालाही उकळीने फारसे काही होत नाही. खाल्ल्यापासून एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात.

येथे शाळेतील एका रोजच्या कामाचा विचार करू. शालेय पोषण आहार वाटण्यापूर्वी शिक्षकाने तो चाखून पाहावा आणि चव नोंदवहीत नोंद करावी, असा नियम आहे. हा नियम उपयोगाचाच आहे. कच्चे राहिलेले, करपलेले, आंबलेले किंवा रॉकेलचा वास लागलेले अन्न त्यामुळे पानापर्यंत जात नाही. परंतु वर सांगितलेली विषद्रव्ये चमचाभर खिचडीत जिभेला कळत नाहीत. म्हणून चवीच्या नोंदीबरोबर खिचडी कधी शिजली आणि कधी वाढली, या दोन वेळाही लिहून ठेवल्या तर ती नोंद अधिक बोलकी होईल. चुलीवरून उतरून तासाभरात गरम वाढलेली खिचडी सुरक्षित असते. तीच दुपारी डब्यात भरून मुलाने घरी नेली आणि संध्याकाळी भावंडांनी खाल्ली, तर तिचा हिशोब बदलतो.

बुरशी दिसेनाशी होते, विष राहते

आता पुन्हा भगरीकडे वळू. भगर आपण रोज खात नाही. एकादशी, चतुर्थी, नवरात्र अशा दिवसांपुरतीच तिची आठवण होते. त्यामुळे ती दुकानात आणि घरच्या डब्यातही महिनोन्‌महिने पडून राहते. आषाढी एकादशी ते नवरात्र हा उपवासांचा काळ नेमका पावसाळी, दमट हवेचा. भगरीचे दाणे बारीक असतात. त्यांचे पीठ केले की हवेशी संपर्क येणारा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो आणि ते भराभर ओल धरते. अशा भगरीवर ‘ॲस्परजिलस’ गटातील बुरशी वाढते आणि तिच्यामुळे फ्युमिगाक्लेविनसारखी विषद्रव्ये तयार होतात, असा इशारा राज्याचे अन्न व औषध प्रशासन सणांच्या दिवसांत देत आले आहे. सुटी भगर घेऊ नये, भगरीचे पीठ विकत आणू नये, भगर कोरड्या हवाबंद डब्यात ठेवावी आणि पीठ साठवू नये, असा त्यांचा सल्ला आहे. तो ऐकण्यासारखा आहे. भगर लागेल तेवढीच आणावी, निवडून धुवावी आणि पीठ हवे असल्यास त्याच दिवशी घरी दळावे.

ॲस्परजिलस गटातील बुरशींचा इतिहास भीषण आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले. शोध घेता घेता शास्त्रज्ञ त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीपर्यंत पोचले. त्या पेंडीवर ‘ॲस्परजिलस फ्लेव्हस’ ही बुरशी वाढली होती. तिच्या विषद्रव्याला ‘अफ्लाटॉक्सिन’ हे नाव मिळाले. माणसांवर ही वेळ आली ती आपल्याच देशात. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल या जिल्ह्यांत अवकाळी पावसाने मका भिजला. तोच मका घरात साठवून लोकांनी खाल्ला. कावीळ झाली, पोटात पाणी साठले. ३९७ जण आजारी पडले आणि त्यांपैकी १०६ दगावले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्या मक्याची तपासणी केली, तेव्हा किलोमागे सुमारे ६ ते १५ मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन आढळले. आज आपल्याकडे धान्य आणि कडधान्यांसाठी किलोमागे १५ मायक्रोग्रॅम ही मर्यादा आहे. म्हणजे तो मका या मर्यादेच्या ४०० ते १००० पट विषारी होता.

अफ्लाटॉक्सिन शिजवण्याने नष्ट होत नाही. त्याचे विघटन व्हायला २३७ अंशांहून अधिक तापमान लागते. बुरशी पुसली, धुतली किंवा उन्हात वाळवली तरी दाण्यात उतरलेले विष तेथेच राहते. थोडे थोडे वर्षानुवर्षे पोटात गेले तर त्यातून यकृताचा कर्करोग होतो, हे निर्विवाद सिद्ध झाले आहे.

खेड्यात बुरसलेली भाकरी किंवा काळे पडलेले धान्य टाकवत नाही, म्हणून ते गाईम्हशींपुढे जाते. पण अफ्लाटॉक्सिनचा काही भाग जनावराच्या शरीरात थोडा बदलून दुधात उतरतो. गोठ्यात टाकलेले विष दुधाच्या पेल्यातून पुन्हा घरात येते. असे अन्न जनावरांना आणि कोंबड्यांना न घालता पुरून टाकावे.

पाणी, उष्णता आणि वेळ

नाक आणि जीभ अपुरी पडतात, मग कशाचा आधार घ्यायचा? सूक्ष्मजीवांना वाढायला पाणी, ऊब आणि वेळ या तीन गोष्टी लागतात. यांपैकी एक जरी काढून घेतली तरी त्यांची वाढ थांबते. साठवणीच्या आपल्या सर्व पद्धती याच तत्त्वावर उभ्या आहेत.

वेळेचा हिशोब आधी करू. अनुकूल परिस्थितीत एका जिवाणूचे दोन व्हायला सुमारे २० मिनिटे लागतात. तासाला तीन दुपटी. सात तासांत २१ दुपटी होतात आणि एका जिवाणूचे २० लाख ९७ हजार १५२ जिवाणू होतात. आठवी-नववीच्या मुलांना घातांक शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे. पहिल्या दोन तासांत ही संख्या फक्त ६४ असते. सगळा घोटाळा नंतरच्या तासांत होतो. शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा अधिक वेळ बाहेर ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, त्यामागे हे गणित आहे.

उष्णतेचा हिशोब असा. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस हा धोक्याचा पट्टा मानतात. त्याच्या वर बहुतेक जिवाणू वाढत नाहीत, त्याच्या खाली त्यांची वाढ फार मंदावते. आता वाशीमचा मे महिना डोळ्यांपुढे आणा. बाहेर ४२ अंश, घरात ३६-३८ अंश. गरम भात कितीही वेळ ठेवला तरी तो खोलीच्या तापमानाखाली उतरणार नाही. म्हणजे जिवाणूंना सर्वांत मानवणाऱ्या तापमानालाच तो तासन्‌तास राहणार. थंड प्रदेशासाठी लिहिलेले दोन तास आपल्याकडे उन्हाळ्यात एकच तास धरावेत.

भांड्याचा आकारही महत्त्वाचा आहे. अन्नातील उष्णता बाहेर पडते ती पृष्ठभागातून. घट्ट अन्नाच्या थराची जाडी दुप्पट केली, तर तो थंड व्हायला जवळजवळ चौपट वेळ लागतो. रामनवमीला मानोरा तालुक्यात पोहरादेवीची यात्रा भरते, गावोगावी भंडारे होतात, लग्नसराईही याच दिवसांतली. मोठ्या गंजातले वरण वरून निवलेले दिसते, पण त्याचा गाभा कितीतरी तास ४५ अंशांच्या आसपास राहतो. ‘क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स’ हा हवा नको असलेला जिवाणू नेमका या तापमानाला फोफावतो. त्याची संख्या दहा मिनिटांच्या आतही दुप्पट होऊ शकते. म्हणून उरलेले अन्न गंजात झाकून ठेवू नये. परातीत दोन बोटे जाडीचा थर पसरावा, किंवा लहान भांड्यांत काढून ती गार पाण्यात ठेवावीत आणि वाफ गेली की फ्रीजमध्ये ठेवावीत. जेथे फ्रीज नाही तेथे एकच उपाय आहे. एका जेवणाला पुरेल एवढेच शिजवावे.

फ्रीज असला तरी तो चालू असायला हवा. वीज गेल्यावर दार बंद ठेवले तर फ्रीजमधील थंडपणा सुमारे चार तास टिकतो. वीज आली का ते पाहायला दर अर्ध्या तासाने दार उघडले, तर तेवढाही टिकत नाही. आणि फ्रीजमध्ये घड्याळ थांबत नाही, फक्त हळू चालते. ‘लिस्टेरिया’सारखे काही जिवाणू तेथेही वाढतात. शिजवलेले अन्न तीन दिवसांत संपवावे.

ओल्या फडक्यात गुंडाळलेले मडके कोरड्या उन्हाळ्यात चांगले काम करते. बाष्पीभवनामुळे आतील तापमान बाहेरच्यापेक्षा बरेच खाली येते. भाजीपाला त्यात छान राहतो. पण ते २५ अंशांच्या आसपास येऊन थांबते, आणि २५ अंश हे धोक्याच्या पट्ट्यातच येतात. शिजवलेल्या अन्नाचा भार त्याच्यावर टाकू नये. पावसाळ्यात तर हवाच दमट असल्याने मडक्याचा उपयोग संपतो.

कोठीतले धान्य

पाण्याचे महत्त्व वाशीमच्या शेतकऱ्याला सांगायला नको. बाजार समितीत सोयाबीन नेले की पहिला प्रश्न ओलाव्याचा. हमीभावाच्या खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असे. २०२४ च्या खरिपात ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल करावी लागली, तेव्हा याची बरीच चर्चा झाली होती. विकायच्या मालाचा ओलावा आपण यंत्राने मोजतो. घरात खायला ठेवलेल्या गहू, ज्वारी, तुरीचा मात्र अंदाजाने ठरवतो.

धान्य आणि हवा यांच्यात पाण्याची सतत देवाणघेवाण चालू असते. हवेची आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर राहिली की उघड्या धान्यात एवढे पाणी शिरते की बुरशी रुजू शकते. पावसाळ्यात आपल्याकडे आर्द्रता त्याहून अधिक असते. म्हणून मे महिन्यातील कडक उन्हात वाळवलेले धान्य मृगाआधी बंद करणे, ही जुनी रीत शास्त्राला धरूनच आहे. गहू-ज्वारीत १२ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. शेंगदाण्यात मात्र तो ७-८ टक्केच हवा. शेंगदाण्याचे जवळजवळ निम्मे वजन तेलाचे असते आणि तेल पाणी धरत नाही. त्यामुळे असेल ते सर्व पाणी उरलेल्या निम्म्या भागात एकवटते.

वाळवलेले धान्य तापलेले असतानाच कोठीत भरू नये. रात्री पत्रा गार झाला की आतील वाफेचे दवबिंदू होतात आणि कडेचे धान्य भिजते. पोती भुईवर किंवा भिंतीला टेकवून न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवावीत. शाळेतील तांदळाच्या पोत्यांनाही हेच लागू आहे. डाळीला एरंडेल तेल चोळणे, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालणे या घरगुती पद्धतींनी किडींना काही प्रमाणात आळा बसतो. किडींच्या श्वसनामुळे धान्यात ऊब आणि ओल वाढते, म्हणजे कीड ही बुरशीची वाट मोकळी करते.

दोन गोष्टी घरात कदापि करू नयेत. पहिली, धान्यात ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवणे. हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन हा वायू निघतो. बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा तो जीव घेतो आणि त्यावर उतारा नाही. घरगुती वापराला या गोळ्यांची परवानगीच नाही. दुसरी, कीटकनाशकाचा रिकामा डबा धुऊन त्यात तेल किंवा धान्य भरणे. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यात धर्मासती गंडामन या गावच्या शाळेत दुपारचे जेवण जेवून २३ मुले मृत्युमुखी पडली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडले. कपाशीच्या पट्ट्यातील आपल्या घरांत असे डबे पडलेले असतात. ते भोके पाडून निकामी करावेत, म्हणजे पुन्हा वापरण्याचा मोह होणार नाही.

लोणच्यात मीठ पाणी बांधून ठेवते, आम्ल जिवाणूंना रोखते आणि वरचे तेल हवा अडवते. म्हणून तेलाच्या वर डोकावणाऱ्या फोडीवरच पहिली बुरशी येते. पापड, कुरडया, सांडगे या उन्हाळी वाळवणांतून तर पाणीच काढून घेतलेले असते. बरणीत ओला चमचा गेला की या सर्व मेहनतीवर अक्षरशः पाणी पडते.

टाकायचे केव्हा?

घामाचे मोल देऊन पिकवलेले अन्न टाकताना कोणालाही वाईट वाटते. म्हणूनच नियम आधी ठरवून ठेवावेत. हातात भांडे घेऊन विचार करायला लागलो, की मन खाण्याच्याच बाजूने कौल देते.

भात, खिचडी, वरण, रस्सा, उसळ बाहेर ठेवून दोन तास झाले नसतील तर खावे किंवा फ्रीजमध्ये ठेवावे. दोन ते चार तास झाले असतील तर तेव्हाच खाऊन संपवावे, पुढे साठवू नये. चार तासांवर गेले तर वास चांगला असला तरी टाकावे. उन्हाळ्यात या वेळा निम्म्या धराव्यात.

एकदा पुन्हा गरम केलेले अन्न उरले, तर ते परत ठेवू नये.

भाकरी, पाव, शिजवलेली डाळ, मऊ मिठाई यांवर बुरशीचा ठिपका दिसला तर पूर्ण पदार्थ टाकावा. दिसतो तो फक्त वरचा भाग असतो. तिचे तंतू आत खोलवर गेलेले असतात.

शेंगदाण्यांतील सुरकुतलेले, काळपट, बुरसलेले दाणे निवडून फेकावेत. अफ्लाटॉक्सिन बहुधा थोड्याच दाण्यांत एकवटलेले असते, त्यामुळे निवडण्याने बराच धोका टळतो. दाणा कडू लागला तर थुंकून टाकावा.

भगर, पीठ, मक्याचे दाणे यांना कुबट वास आला किंवा गुठळ्या झाल्या तर ते ऊन दाखवून वापरू नयेत.

हिरवट झालेले किंवा फार कोंब आलेले बटाटे टाकावेत. त्यांतील सोलॅनिन शिजवूनही जात नाही.

फुगलेला डबा किंवा फुगलेली दुधाची पिशवी उघडून चाखू नये. आतला वायू जिवाणूंनी तयार केलेला असतो. चिवड्याच्या पाकिटात मात्र कारखान्यातच नायट्रोजन भरलेला असतो.

वेष्टनावर ‘अमुक तारखेपूर्वी उत्तम’ असे असेल, तर ती तारीख चवीची आणि कुरकुरीतपणाची असते. ‘अमुक तारखेपर्यंत वापरा’ असे असेल, तर ती सुरक्षिततेची मर्यादा असते. तिच्यापुढे एक दिवसही जाऊ नये.

वर्गात करून पाहण्याजोगे

पहिला प्रयोग ओलाव्याचा. खडे मीठ बारीक करून तव्यावर कोरडे भाजावे आणि गार होऊ द्यावे. झाकणाच्या कोरड्या काचेच्या बरणीत दोन चमचे मीठ टाकून बरणीचा एक तृतीयांश भाग धान्याने भरावा. झाकण लावून दोन मिनिटे हलवावी आणि पंधरा मिनिटे स्थिर ठेवावी. मीठ काचेला चिकटले तर धान्यात १५ टक्क्यांहून अधिक ओलावा आहे. चिकटले नाही तर त्याहून कमी आहे, पण साठवणीला १२ टक्के हवेत, म्हणून आणखी एक-दोन उन्हे द्यावीत. प्रत्येक मुलाने घरून मूठभर धान्य आणले तर गावातील साठवणीचे चित्रच वर्गात उभे राहते.

दुसरा प्रयोग थंड होण्याचा. सारखेच घट्ट, गरम पिठले एका उंच डब्यात आणि एका ताटात घ्यावे. दोन्हींच्या मधोमध तापमापी धरून दर दहा मिनिटांनी नोंद करावी आणि आलेख काढावा. ६० अंशांपासून खोलीच्या तापमानापर्यंत यायला कोणाला किती वेळ लागला, ते मुलांना आलेखातून वाचू द्यावे. हा प्रयोग एकदा जानेवारीत आणि एकदा एप्रिलमध्ये केला, तर त्यातून आपल्या जिल्ह्याच्या हवामानाचाही धडा मिळतो. प्रयोगातले पिठले मात्र कोणी खाऊ नये. ते किती वेळ बाहेर राहिले, हे मुलांनीच नोंदवलेले असेल.